चार जीबीची घट

परळच्या त्या चाळीत कोंडीरामांनी नंबर न टाकलेली एखादी वस्तू दिसली, तर ती आज सकाळीच आणलेली आहे असं खुशाल समजावं. कॉटन ग्रीनच्या एका सरकारी गोदामात चौतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढून ते निवृत्त झाले, तेव्हा तिथे एक खिळा कमी नव्हता की एक जास्त नव्हता, हे ते अजूनही भेटेल त्याला सांगतात. जास्त असणं हे कमी असण्यापेक्षाही वाईट, असंही सांगतात. का, ते विचारलं तर अर्धा तास मोडतो, म्हणून विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे धरून बसतात, नाहीतर नातवंडं धरून. कोंडीरामांनी चाळीची अभ्यासिका धरली. तळमजल्यावरची मोठी खोली, बाबासाहेबांची तसबीर, पुस्तकांची सहा कपाटं, लांबलचक टेबलं आणि कोपऱ्यात एकुलता एक कॉम्प्युटर. दहा बाय बाराच्या खोल्यांत पाय पसरायला जागा नसलेली पोरं संध्याकाळी इथे येऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायची. कोंडीरामांनी पहिल्याच महिन्यात डेड स्टॉक रजिस्टर घातलं आणि पोरं सोडून सगळ्याला नंबर दिले. खुर्च्या एकसष्ट, त्यांचे नंबर एकसष्ट. पाण्याच्या पिंपाला एक नंबर, त्याला साखळीने बांधलेल्या पेल्याला दुसरा आणि साखळीला तिसरा. साखळीला वेगळा का, तर उद्या ती दुसऱ्या पेल्याला लावली तर घोळ नको.

दरवर्षी भीमजयंतीच्या आधीच्या आठवड्यात ते या सगळ्याची प्रत्यक्ष पडताळणी करायचे. प्रत्यक्ष म्हणजे प्रत्यक्ष. कपाट उघडायचं, वस्तू हातात घ्यायची, उलटी करून बघायची, जुनी चिठ्ठी काढून नवी डकवायची आणि मग रजिस्टरमध्ये बरोबरची खूण करायची. यादीतल्या सगळ्यात शेवटच्या वस्तूच्या चिठ्ठीवर मात्र नंबराबरोबरच तारीख आणि त्यांची पूर्ण सही असायची, म्हणजे तिच्याखाली कोणाला काही घुसडता येत नाही. ही शिस्त त्यांना कोणी शिकवली नव्हती. ती त्यांनी स्वतः काढली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता.

या सगळ्या व्यवस्थेत एकच गोष्ट त्यांना वर्षभर कुसळासारखी टोचत होती. गेल्या साली कॉम्प्युटर फार रेंगाळतो म्हणून चाळीच्या कमिटीने त्याची रॅम वाढवली होती. कॉम्प्युटरला काम करताना हाताशी जी जागा लागते ती रॅम, एवढं त्यांना समजावण्यात आलं होतं. तेवीस नंबरच्या खोलीतल्या संघमित्राने त्या पट्ट्या आणून बसवल्या. ही पोरगी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून एका ऑफिसातली मशीनं सांभाळायची आणि संध्याकाळी घरी येऊन चहा घेतला की अभ्यासिका उघडायची, रात्री दहाला बंद करायची. चार वर्षं चावी तिच्याकडे होती. रजिस्टरमध्ये नोंद होती, ‘रॅम, आठ जीबी, प्रत्येकी चारच्या पट्ट्या, नग दोन’, पण नग डब्याच्या आत असल्यामुळे त्यांच्यावर चिठ्ठी नव्हती. रजिस्टरमध्ये नोंद आहे आणि वस्तूवर चिठ्ठी नाही, असल्या विचाराने कोंडीरामांना जेवण गोड लागत नसे.

म्हणून यंदा मंगळवारी दुपारी, अभ्यासिकेत कोणी नसताना, ते आपली जादा चावी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आत शिरले. संघमित्राला पट्ट्या बसवताना त्यांनी डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं, त्यामुळे वायर काढणं, झाकण उघडणं, खाचेच्या टोकाच्या चिमट्या मागे सारणं हे सगळं त्यांना जमलं. दोन हिरव्या पट्ट्या निघाल्या, दोन बोटं रुंद, खालच्या काठाला सोनेरी दातांची रांग. पहिलीवर नंबर नीट बसला. दुसरी यादीतली शेवटची वस्तू, तेव्हा तिच्यावर नंबर, तारीख आणि पूर्ण सही. सही त्यांची वडिलांच्या नावासकट होती आणि पट्टी पडली अरुंद. मग चिठ्ठीचं उरलेलं टोक त्यांनी पाकिटाचं झाकण मुडपावं तसं खालून मुडपून घेतलं आणि नखाने घट्ट दाबलं. परत बसवताना ती पट्टी जरा जास्त रेटावी लागली, एवढंच.

मग रजिस्टरमध्ये खूण करण्यापूर्वी पडद्यावरचा आकडाही बघून घ्यावा म्हणून त्यांनी कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर लिहून आलं, चार जीबी.

कोंडीरामांनी चष्मा पुसला. बंद करून पुन्हा चालू केला. चार म्हणजे चारच. पट्ट्या दोन आहेत, हे तर त्यांनी या डोळ्यांनी बघितलं होतं, या हातांनी धरून. मग त्यांना गोदामातले तेलाचे डबे आठवले. बारा डबे सीलबंद, मोजायला गेलं तर बारा, आणि त्यातल्या दोनांत तेलाऐवजी पाणी निघालं होतं. इथेही तेच झालं होतं. पट्टी जागेवर, आतला माल गायब. चांगली काढून कोणीतरी पोकळ बसवली होती. आणि चावी कोणाकडे असते?

त्या क्षणी त्यांनी कॉम्प्युटर तिसऱ्यांदा बंद करून चालू केला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. संघमित्रा त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेली पोर. पण गोदामात ते एक शिकले होते की घट सापडली की आधी लिहायचं, बोलायचं नंतर. आधी बोललं की समोरचा माणूस सावध होतो आणि रातोरात भरपाई करून ठेवतो. तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरला सुतळी बांधली, लाखेचं सील मारलं आणि जिन्याखालच्या बोर्डावर आपल्या वळणदार अक्षरात नोटीस लावली: ‘अभ्यासिकेच्या संगणकात चार जीबी रॅमची घट आढळून आली आहे. अभ्यासिकेची चावी कु. संघमित्रा यांच्या ताब्यात असते. रविवारी सकाळी दहा वाजता कमिटीसमोर खुलासा घेण्यात येईल.’ चोरी हा शब्द त्यांनी कटाक्षाने टाळला होता. तो शब्द चाळीने दिवेलागणीपर्यंत आपल्या पदरचा घातला. रात्रीपर्यंत ती रॅम लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात विकली गेली होती आणि ज्याने विकताना बघितलं त्याच्या मेव्हण्याला ओळखणारे तिघे निघाले.

संघमित्राने ऑफिसातून येताना नोटीस वाचली. वर गेली, चहा घेतला, नेहमीसारखी अभ्यासिका उघडली, दहाला बंद केली. मग कोंडीरामांच्या दारात येऊन त्यांच्या बायकोच्या, सुंदराबाईंच्या हातात चावी ठेवली आणि काकांना द्या एवढंच म्हणून निघून गेली.

सुंदराबाई तिच्याकडे गेले दोन महिने मराठी टायपिंग शिकत होत्या आणि साताऱ्याच्या भावाला लिहायच्या पत्राच्या तिसऱ्या ओळीपर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी चावी नवऱ्यापुढे आपटली आणि विचारलं, “अहो, त्या पोरीचं नाव लिहिलंत तुम्ही?” कोंडीराम म्हणाले, मी फक्त चावी कोणाकडे असते ते लिहिलं. त्यानंतर चार दिवस त्या घरात फक्त भांडी बोलत होती.

ते चार दिवस अभ्यासिका कोंडीरामांनी चालवली. येणाऱ्याची सही, जाणाऱ्याची सही, पाणी प्यायला उठणाऱ्याचीही घ्यावी का, असा त्यांचा विचार चालू होता. सराव परीक्षा देणारी पोरं सील लावलेल्या कॉम्प्युटरकडे बघून परत जायची. संघमित्रा जिन्यात दिसली की कोंडीरामांना काहीतरी बोलावंसं वाटायचं, पण प्रकरण चौकशीखाली असताना संबंधित व्यक्तीशी बोलायचं नसतं, म्हणून ते भिंतीवरची मीटरची पेटी वाचत उभे राहायचे.

रविवारी दहाला अभ्यासिका भरली. अध्यक्ष शामराव माणूस भला, पण रविवारच्या सभेत त्यांचा जीव निम्मा मटणाच्या रांगेत असायचा. त्यांनी लवकर आटपा म्हणून सुरुवात केली. कोंडीरामांनी उभं राहून रजिस्टर वाचलं, पडताळणीची तारीख आणि वेळ सांगितली, तेलाच्या डब्यांची हकीकत थोडक्यात म्हणजे वीस मिनिटांत सांगितली आणि शेवटी विचारलं की पट्ट्या दोन आहेत आणि माल एकीचाच भरतो, तर दुसरीतला माल गेला कुठे?

संघमित्रा उठली. डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण आवाज सरळ होता. “काका, पट्टीतलं काही काढून घेता येत नाही. आणि कॉम्प्युटर आपल्यासारखा आत वाकून बघत नाही हो. त्याला कोणीतरी सांगावं लागतं.”

मग तिने सांगितलं ते असं. बटण दाबलं की विंडोज जागं व्हायच्या आधी मदरबोर्डवरचा एक छोटासा प्रोग्राम उठतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. प्रत्येक पट्टीवर तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप असते आणि तिच्यात त्या पट्टीची कुंडली असते, किती जीबीची, किती वेगाची. फर्मवेअर एकेका खाचेपाशी जाऊन विचारतो, कोणी आहे का, असलात तर किती आहात. जी पट्टी उत्तर देते ती हजर. उत्तर आलं नाही की ती खाच रिकामी धरायची. मग हजर असलेल्यांची तो जराशी परीक्षा घेतो आणि यादी बनवतो: इथून इथपर्यंत जागा वापरा, एवढी राखीव, तिला हात लावू नका. ती यादी तो विंडोजला देतो आणि विंडोज त्या यादीबरहुकूम चालतं.

कोंडीरामांना हे ऐकून धक्काच बसला. विंडोजबद्दल त्यांच्या मनात बराच आदर होता. “म्हणजे ते स्वतः मोजत नाही?”

“नाही काका.”

“दुसऱ्याने दिलेल्या यादीवर न बघता सही करतं?”

“तसंच म्हणा.”

असला माणूस आपण गोदामात एक दिवस ठेवला नसता, असं कोंडीरामांनी कमिटीला सांगितलं. संघमित्रा म्हणाली की अगदी जुनी मशीनं मोजायची. प्रत्येक जागेवर काहीतरी लिहायचं, परत वाचायचं, जुळलं तर जागा आहे. चालू करताना पडद्यावर आकडे धावायचे. हीच पद्धत योग्य होती, असं कोंडीराम ताबडतोब म्हणाले. त्यावर ती म्हणाली, हो, पण असं चाचपडताना जिथे हात लावायचा नाही तिथेही हात पडायचा आणि चांगलं चाललेलं मशीन अडकून बसायचं. या वाक्यात कोंडीरामांना तरी काही खटकलं नाही.

त्यांना दुसरंच काहीतरी सुचलं होतं. पट्टी जागेवर आहे, धडधाकट आहे, पण काही कारणाने तिला उत्तर देता आलं नाही, तर? संघमित्रा म्हणाली, “तर ती नाहीच, काका. कॉम्प्युटरच्या लेखी नाही.” हजर माणसाची गैरहजेरी लागणं हा अन्याय आहे, असं कोंडीरामांच्या मनात आलं.

शामरावांनी घड्याळ बघून मशीन उघडायला परवानगी दिली. कोंडीरामांनी सील तपासलं, शाबूत असल्याचं जाहीर केलं आणि तोडलं. संघमित्राने झाकण काढलं, पट्ट्या बाहेर घेतल्या. तिच्या हातांवर नजर ठेवायची म्हणून कोंडीराम अगदी तिच्या खांद्याशी उभे होते, आणि म्हणूनच तिने दुसरी पट्टी उलटी केली तेव्हा तिला जे दिसलं ते फक्त त्यांनाच दिसलं.

सोनेरी दातांवर कागद चिकटला होता. त्या कागदावर निळ्या शाईत सहीची शेपटी होती, फर्राटेदार, खाली दोन टिंबं. पट्टीचं तोंड त्यांनी स्वतःच्या सहीने बंद केलं होतं.

संघमित्राने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ती आता सगळ्यांसमोर सांगणार, असं त्यांना वाटलं. पण अंगठ्याच्या नखाने तिने चिठ्ठी सोडवली, मुठीत घेतली, पुढच्या रांगेतल्या मुलीकडून खोडरबर मागून दात घासले, पट्टी बसवली आणि बटण दाबलं. पडदा उजळला. आठ जीबी.

“कॉन्टॅक्ट नीट बसला नव्हता,” ती सगळ्यांना म्हणाली. “होतं असं कधीकधी.”

शामरावांचा चेहरा खुलला. तांत्रिक कारण असं लिहा आणि सभा संपवा, असं ते चिटणिसांना सांगूही लागले. लोक उठायला लागले. कोंडीरामांना हायसं वाटलं. चौतीस वर्षांच्या नोकरीवर आणि नंतरच्या आठ वर्षांवर एकही डाग नव्हता आणि आताही पडणार नव्हता. मूठभर कागद, तोही पोरीच्या मुठीत, आणि पोर काही मूठ उघडणार नाही, हे त्यांना कळत होतं. आणि जिच्यावर आपण किटाळ आणलं तीच आपल्याला पाठीशी घालते आहे, आणि आपल्याला त्याने हायसं वाटतं आहे, याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांना गप्प राहवेना.

“अध्यक्ष, कामकाज संपलेलं नाही,” ते म्हणाले. “संघमित्रा, मूठ उघड.”

“जाऊ द्या ना काका.”

“उघड. त्यात अभ्यासिकेची वस्तू आहे.”

तिने मूठ उघडली. कोंडीरामांनी तो चुरगळलेला कागद टेबलावर सरळ केला आणि मोठ्याने वाचला: नंबर, तारीख, संपूर्ण सही. मग तो कुठे चिकटला होता, कोणी चिकटवला आणि त्याने काय झालं, हे जबाब देतात तसं सांगितलं, आणि चिटणिसांना म्हणाले, तांत्रिक कारण खोडा आणि लिहा की घट स्टोअरकीपरच्या सहीमुळे झाली. दोन क्षण कोणाला काही उमगलं नाही. मग मागच्या रांगेतून हसण्याला सुरुवात झाली आणि सगळी खोली हसू लागली. कोंडीराम हसणं संपेपर्यंत शांत उभे राहिले. सुंदराबाई चार दिवसांनी पहिल्यांदा नवऱ्याशी बोलल्या. “सही लांबच आहे तुमची. मी लग्नापासून सांगतेय.”

एवढ्यातही सवयीने त्यांची नजर पडद्यावर गेली आणि त्यांचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. आठच्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं की वापरण्याजोगी सात पूर्णांक एकोणनव्वद. उरलेले शून्य पूर्णांक अकरा कुठे आहेत, असं त्यांनी विचारल्यावर शामरावांनी कपाळाला हात लावला. संघमित्रा म्हणाली की तेवढी जागा पडद्यावरच्या चित्रासाठी राखून ठेवली आहे. राखीवची नोंद यादीत आहे का, असं कोंडीरामांनी विचारलं. आहे, ती म्हणाली. मग त्यांची हरकत नव्हती.

त्यांनी खिशातून अभ्यासिकेची चावी काढून तिच्यापुढे धरली. तिने हात पुढे केला नाही.

“काका, आज आठ दिसले म्हणून सगळे हसले,” ती म्हणाली. “ही पट्टी खरंच जळली असती तर? चार दिवस मी जिन्यात आले की लोक बोलायचे थांबायचे. माझ्या आईने नळावर जाणं सोडलं. तुम्ही बोर्डावर लिहिलंत, मशीनला सील लावलंत, सभा बोलावलीत. मला विचारलं नाहीत. ते मशीनसुद्धा आधी विचारतं.”

आधी लिहायचं, मग बोलायचं, हे उत्तर कोंडीरामांच्या ओठांवर आलं होतं. पण ते उत्तर गोदामातल्या डब्यांसाठी होतं, हे त्यांना आत्ता, सगळ्या चाळीसमोर, हातात चावी धरून उभं असताना कळलं. त्यांनी काखेतलं रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि तिच्याकडे तोंड करून उभे राहिले.

“संघमित्रा,” त्यांनी विचारलं, “रॅम तू काढलीस का?”

मागे कोणीतरी पुन्हा फिसकन हसलं. सुंदराबाईंनी वळून बघितल्यावर ते थांबलं. संघमित्रा कोंडीरामांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. थट्टा नव्हती, ते खरोखरच विचारत होते.

“नाही, काका,” ती म्हणाली, आणि चार दिवस सरळ राहिलेला तिचा आवाज त्या दोन शब्दांत फुटला.

“बरं,” कोंडीराम म्हणाले. “हे मी मंगळवारी तुझ्या दारात येऊन विचारायला हवं होतं. चुकलो मी, पोरी.”

तिने ओढणीने डोळे पुसले आणि चावीसाठी हात पुढे केला.